वास माशीसाठी, श्वास माणसाचा

मधाने भरलेली चौकट हातात यायची, तर आधी तिच्यावर बसलेल्या माशा उठवाव्या लागतात. मधमाशापालनाच्या पुस्तकांत या कामाला दोन-चार ओळी मिळतात. प्रत्यक्षात मधपाळाचा निम्मा घाम तिथेच गळतो. माशांनी तो साठा स्वतःच्या पडत्या दिवसांसाठी केलेला असतो आणि आपण तो न्यायला आलेलो असतो. त्यांना कसं उठवायचं, हे बहुतेक वेळा आपल्याकडे पेट्या किती आणि हातात वेळ किती यावर ठरतं. माझ्या कामाची सगळी वर्षं या प्रश्नाच्या दोन टोकांवर गेली, म्हणून त्याबद्दल लिहितो आहे.

आमचा पट्टा महाबळेश्वर-जावळीचा. तिथे पेटीत सातेरी माशी असते. आमच्या घरातले जुने मधपाळ म्हणजे आबा; त्यांच्या पेट्या परड्यात आणि रानाच्या कडेला ठेवलेल्या. जांभूळ, हिरडा, गेळा फुलून गेले की वरच्या कप्प्यातल्या चौकटी बघायच्या. एकेक चौकट उचलायची, पेटीच्या तोंडासमोर एक नेमका हिसका द्यायचा, चिकटून राहिलेल्या माशा मऊ गवताच्या जुडीने हलकेच झाडायच्या आणि चौकट ओल्या फडक्याखाली झाकून मधयंत्राकडे न्यायची. एका पेटीतून वर्षाला काही किलो मध निघायचा. तेवढ्यासाठी यापेक्षा वेगळं काही करावं, असं कुणाच्या मनातही येत नसे.

साताऱ्यात रसायनशास्त्रात पदवी घेतल्यावर मी महाबळेश्वरला मधमाशापालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि पुढे कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात हंगामी कामाला गेलो. प्रांताच्या वायव्येला पीस नदीचा प्रदेश आहे. तिथलं फॅलर नावाचं छोटं गाव स्वतःला कॅनडाची मधाची राजधानी म्हणवतं आणि तिथे मधमाशीचा प्रचंड पुतळा उभा आहे. कॅनडात मधाचं सर्वाधिक उत्पादन अल्बर्टात होतं. नजर पोचेल तिथवर कॅनोला, अल्फाल्फा आणि क्लोव्हर. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड रेंगाळतो आणि माशा तेवढा वेळ शेतात असतात. अस्वलं येतात म्हणून पेट्यांच्या प्रत्येक ठिकाणाभोवती विजेच्या तारांचं कुंपण असतं. अशी ठिकाणं दूर दूर पसरलेली, प्रत्येक ठिकाणी मेलिफेरा माशीच्या पेट्यांच्या रांगा, आणि प्रत्येक पेटीवर मधाचे तीन-चार मजले, म्हणजे सुपर. भरलेला सुपर सहज तीस किलोच्या पुढे जातो.

तिथे चौकटीला हिसका देत बसलं तर हंगाम संपेल, मध संपणार नाही. त्यात कॅनोलाची घाई वेगळी. या फुलांच्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त असल्यामुळे तो फार लवकर गोठतो. पोळ्यातच गोठला तर मधयंत्रात कितीही फिरवा, बाहेर येत नाही. म्हणून जुलैच्या उत्तरार्धापासून सगळा ताफा धावत असतो. ही घाई समजून घेतली नाही, तर तिथे माशा उठवायला रसायनं का वापरतात ते समजणार नाही.

त्यासाठी लागतो फ्यूम बोर्ड. पेटीच्या मापाचं एक उथळ झाकण, वरून काळा रंग दिलेला पत्रा, आतून जाड फ्लॅनेलचं कापड. कापडावर रसायनाच्या एक-दोन नागमोडी रेषा ओढायच्या, साधारण मोठा चमचाभर. पेटी उघडून थोडा धूर द्यायचा आणि सगळ्यात वरच्या सुपरवर हे झाकण ठेवायचं. उन्हाने पत्रा तापतो, कापडातल्या रसायनाची वाफ होते आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे चौकटींमधल्या फटींतून खाली उतरते. माशा तिच्यापुढे पळत खालच्या मजल्यावर जातात. ऊन चांगलं असेल तर तीन ते पाच मिनिटांत सुपर जवळजवळ रिकामा होतो. एक माणूस आठ-दहा झाकणं घेऊन रांगेत पुढे सरकत राहतो, मागून दुसरे दोघं सुपर उचलून ट्रकवर चढवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो. आबांना जे काम करायला सबंध सकाळ लागायची, ते आम्ही अर्ध्या तासात उरकत होतो.

आमच्याकडे दोन रसायनं होती. गरम दिवसांसाठी ब्यूटिरिक अॅनहायड्राइड, थंड दिवसांसाठी बेन्झाल्डिहाइड. बेन्झाल्डिहाइडला कडू बदामाचा वास येतो आणि साधारण १८ ते २६ अंश सेल्सिअसच्या हवेत ते नीट काम करतं. पारा त्याच्या वर गेला की ब्यूटिरिक अॅनहायड्राइड काढायचं. त्याचा हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन ब्यूटिरिक आम्ल तयार होतं. लोणी कढवायचं राहून गेलं आणि खवट झालं की जो वास सुटतो, तो याच आम्लाचा. बाटलीतला वास त्याच्या शेकडोपट. ओकारीसारखा, घशात बसणारा. अंगावरचे कपडे गावातल्या सार्वजनिक लाँड्रीत धुवायला बंदी होती. केसांना, पाकिटाला, डब्यातल्या चपातीलासुद्धा तो वास लागायचा.

मधमाशीचं सगळं जग वासावर चालतं. तिच्या जनुकसंचात वास ओळखणारे सुमारे १७० ग्राहक आहेत. धोक्याची सूचनाही ती वासानेच देते. डंखासोबत सुटणाऱ्या त्या गंधात आयसोअमाइल अॅसिटेट हा मुख्य घटक असतो, हे ओटावातल्या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये दाखवलं. पिकलेल्या केळ्याला जो वास येतो, तोच हा. म्हणून पेटीवर काम करताना जुने मधपाळ केळं खाऊन जाऊ देत नाहीत. स्मोकरचा धूर देतात तोही याच कारणाने: धुरात हा इशारा दबून जातो. अशा प्राण्याला वासाने हुसकावणं सोपं असणारच. प्रश्न एवढाच, की जो वास तिला तीन मिनिटांत घर सोडायला लावतो, तो आणखी कुणाकुणाला काय करतो.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. आमच्या अल्बर्टातल्या मालकांच्या कुटुंबात तीन पिढ्यांपासून मधाचा धंदा. त्यांचे वडील कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल वापरायचे. जोसेफ लिस्टर यांनी १८६० च्या दशकात जखमा सडू नयेत म्हणून वापरलेलं हेच रसायन. आपल्याकडच्या जुन्या लाल साबणाला जो दवाखान्यासारखा वास येई, तो यातूनच आलेला. त्या काळी फिनॉलमध्ये बुडवलेलं फडकं पेटीवर पसरायचं ही सर्रास पद्धत होती. मालक सांगायचे, की वडिलांच्या बोटांची कातडी पांढरी पडायची आणि दुपारभर त्यांना काही दुखायचं नाही. दुखणं रात्री सुरू व्हायचं. फिनॉलचा खरा घात हाच आहे. ते कातडी जाळतं आणि त्याच वेळी ती बधिर करतं, त्यामुळे माणूस हात धुवायला उठतच नाही. तेवढ्यात ते कातडीतून रक्तात उतरतं, आणि पुरेशा प्रमाणात उतरलं तर हृदय आणि मूत्रपिंडांवर आघात करतं.

फिनॉल मागे पडलं त्याचं एक मोठं कारण मात्र मध हे होतं. मध वास आणि चव चटकन धरतो. फिनॉलचा अंश त्यात उतरला की औषधी चव येते आणि माल परत येतो. अल्बर्टा विद्यापीठातल्या अन्नशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मधातल्या फिनॉलचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतींवर आणि त्याच्या चवीवर काम केलं. तोवर पर्याय आलेले होतेच. ओंटारिओतल्या गेल्फ इथले प्राध्यापक गॉर्डन टाउनसेंड यांनी १९६३ मध्ये बेन्झाल्डिहाइडची ओळख करून दिली. त्याच दशकात अमेरिकेत प्रोपिऑनिक अॅनहायड्राइडचे प्रयोग झाले आणि पुढे ब्यूटिरिक अॅनहायड्राइड रुळलं. प्रत्येक नवं रसायन आधीच्यापेक्षा सौम्य होतं, हे खरं आहे. पण बदल घडवून आणणाऱ्या कारणांमध्ये ग्राहकाच्या जिभेचं वजन मोठं होतं. बोटांची कातडी पांढरी पडणारे लोक त्याआधीही कित्येक दशकं होते.

सुरक्षिततेचा विचार करताना मी तीन हिशेब वेगवेगळे मांडायला शिकलो: माशीचा, मधाचा आणि माणसाचा.

माशीचा हिशेब मात्रेवर अवलंबून आहे. ही रसायनं नेमकी वापरली तर माशा मरत नाहीत, खाली सरकतात. पण झाकण पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं राहिलं, तर वाफ पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्यांच्या कोठीपर्यंत पोचते. मग राणीसकट माशा पिलावा सोडून दारातून बाहेर ओसंडतात आणि उघडी पिल्लं गारठतात. मात्रा एकदम जास्त झाली तर उलटंच होतं: माशांना गुंगी येते, त्या चौकटीवर जागच्या जागी अडखळत राहतात आणि खाली जातच नाहीत. उत्तर अल्बर्टातलं हवामान या चुकीला आमंत्रण देतं. ढग आले की पत्रा तापत नाही, माशा हलत नाहीत. हाताखाली पन्नास पेट्या शिल्लक असतात, म्हणून माणूस कापडावर आणखी थोडं ओततो. वीस मिनिटांनी ऊन पडतं आणि कापडातली दुप्पट मात्रा एकदम उठते. आमच्या टोळीत नियम होता, की ढगाळ हवेत मात्रा वाढवायची नाही, झाकणं ट्रकवर ठेवायची आणि हवेच्या झोताने माशा उडवणारा ब्लोअर काढायचा. हा नियम कागदावर सोपा दिसतो. संध्याकाळी मध काढण्याच्या शेडमध्ये माणसं सुपरची वाट बघत उभी असतात तेव्हा तो पाळायला फोरमनच्या अंगात ताठ कणा लागतो.

मधाचा हिशेब मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला, कारण गिऱ्हाईक तोच विचारतो. झाकबंद पोळ्यातल्या मधाला मेणाचं आवरण असतं, उघड्या घरांतला मध वास लवकर ओढून घेतो. मेण तर असे तेलकट पदार्थ शोषतंच. म्हणून ओलं कापड चौकटींना टेकू नये, थेंब गळू नयेत, भिजलेली झाकणं मधाच्या शेडमध्ये रात्रभर ठेवू नयेत, ही पथ्यं असतात. ती पाळली तर मधात उतरणारा अंश फार कमी राहतो. बेन्झाल्डिहाइड काही फुलांच्या मधात निसर्गतःही अल्प प्रमाणात असतं, खाद्यपदार्थांत बदामाच्या स्वादासाठी वापरलंही जातं. ब्यूटिरिक आम्ल तर लोण्यातुपातलंच. इथून विक्रेत्यांचा आवडता शब्द येतो: खाद्य दर्जाचं, नैसर्गिक. ऐकणाऱ्याला वाटतं, मग भीती कसली.

तिसरा हिशेब इथेच बुडतो. मधात दशलक्षांश भागांत असलेला पदार्थ आणि बाटलीत शुद्ध स्वरूपात असलेला तोच पदार्थ यांची जात रसायनशास्त्रात एक असली तरी कातडीला त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्यूटिरिक अॅनहायड्राइड कातडी आणि डोळे जाळतं. त्याची वाहतूकच दाहक पदार्थ म्हणून होते. बेन्झाल्डिहाइड डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबतं, आणि त्यात आणखी एक छुपा धोका आहे. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होताना उष्णता निर्माण होते. त्यात भिजलेल्या चिंध्या किंवा कापडं गोळा करून कोंबून ठेवली तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि कापड आपोआप पेटू शकतं. आता मधपाळाचा ट्रक डोळ्यांसमोर आणा. मागे पेटता स्मोकर, शेजारी कोरडं तरटाचं इंधन, त्याला लागून रसायनाची बाटली आणि ओली झाकणं. हे चारही एकत्र ठेवायला कुणी सांगत नाही. जागा कमी असते म्हणून ते शेजारी येतात.

आणि मधपाळाचा पोशाख. तो डंखापासून वाचवतो, म्हणून माणसाला त्यात सुरक्षित वाटतं. पण डोळ्यांपुढची जाळी माशीला अडवते, थेंबाला अडवत नाही. चामड्याचे हातमोजे डंख थोपवतात आणि रसायन पितात. एकदा भिजले की दिवसभर ते तळहाताला धरून ठेवतात. एका दुपारी फिलिपिन्सहून आलेल्या माझ्या सहकाऱ्याच्या हातातल्या बाटलीचं तोंड गोठलेल्या मधाने बंद झालं होतं. त्याने ती दाबली, टोपण उडालं आणि फवारा जाळीतून डोळ्यात गेला. साप निघाल्यावर माणूस मागे सरतो तसं डोळ्यात काही गेलं की हात आपोआप डोळ्याकडे जातो. इथे हातात तोच भिजलेला मोजा आणि मध्ये जाळी. ती काढावी तर चारी बाजूंनी चवताळलेल्या माशा. आम्ही त्याला ओढत कुंपणाबाहेर नेलं, चेन फाडली आणि सगळ्यांच्या पिण्याच्या बाटल्या एकामागून एक त्याच्या डोळ्यावर ओतल्या. पाणी संपलं तेव्हा गाडीत घातला. दवाखाना बराच लांब होता. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या मिनिटापासून धुतलात म्हणून वाचला. त्या ठिकाणी पाण्याचा ड्रम नव्हता. पिण्याचं पाणी उरलं होतं, हा योगायोग होता.

त्या रात्री आबांशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. फ्यूम बोर्ड म्हणजे काय ते त्यांना आधीपासून माहीत होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आरं, माशीला वास सोसना म्हनून ती तीन मिनटांत निघून जाती. तू दिसभर त्याच वासात हुबा ऱ्हातोस. मग तुला तिथनं कोन उठवनार?"

रसायनशास्त्राच्या पदवीने मला जे सांगितलं नव्हतं ते या प्रश्नाने सांगितलं. माशी पळून जाते, कारण तिला पळता येतं. मजूर हंगामी परवान्यावर आलेला असतो, त्याचं राहणं मालकाच्या जागेत, परवाना त्याच मालकाच्या नावाशी बांधलेला. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून तो बाजूला झाला तर टोळी अडते. वासाची नाकाला सवय होते आणि काही दिवसांनी तो जाणवेनासा होतो. धोका मात्र तेवढाच राहतो. रसायन पळवण्यासाठी बनवलेलं आहे, आणि त्याच्याजवळ असा माणूस उभा केलेला आहे ज्याला पळण्याची मुभा सगळ्यात कमी.

कागदावर त्याच्यासाठी बरंच काही होतं. कॅनडात कामाच्या जागेवरच्या घातक पदार्थांची माहिती कामगारापर्यंत पोचवणारी देशव्यापी पद्धत १९८८ पासून आहे. प्रत्येक रसायनासोबत सोळा भागांचं सुरक्षा माहितीपत्रक येतं. त्यात प्रथमोपचार कोणते, कोणत्या प्रकारचे हातमोजे, आग लागली तर काय करायचं, साठवण कशी, सगळं लिहिलेलं असतं. पण अल्बर्टात शेतीवरच्या पगारी मजुरांना कामाच्या सुरक्षिततेच्या कायद्याचं संरक्षण मिळालं ते १ जानेवारी २०१६ पासून. कारखान्यातल्या कामगाराला धोकादायक काम नाकारण्याचा हक्क कित्येक वर्षं होता, शेतातल्याला नव्हता. मी गेलो तेव्हा हा बदल ताजा होता. माहितीपत्रक आमच्याकडेही होतं, ऑफिसातल्या कपाटात, इंग्रजीत. टोळीतले निम्मे लोक स्पॅनिश किंवा टागालोग बोलणारे.

डोळ्याच्या प्रसंगानंतर मी ते पत्रक मागून घेतलं आणि दुपारच्या सुट्टीत एकेक भाग सोप्या शब्दांत सगळ्यांना सांगितला. मेक्सिकोच्या एकाने तो स्पॅनिशमध्ये सांगितला, डोळा वाचलेल्या मित्राने त्याच्या भाषेत. मालक मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी खरेदीची यादी करायला सांगितली, हे मला त्यांच्याबद्दल आवर्जून लिहायचं आहे. प्रत्येक ट्रकवर पाण्याचा ड्रम आणि डोळे धुण्याची बाटली आली. रसायन हाताळणाऱ्यासाठी चामड्याऐवजी रसायनाला दाद न देणारे रबरी मोजे आणि जाळीच्या आत घालायचा बंद चष्मा आला. बाटली ट्रकच्या मागच्या भागात कुलुपाच्या पेटीत, स्मोकर दुसऱ्या टोकाला लोखंडी डब्यात. ओली झाकणं कधीही ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवायची नाहीत, पाऊस असला तरी. काम वाऱ्याकडे पाठ करून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाच माणसाने हंगामभर झाकणं सांभाळायची नाहीत, पाळी बदलायची.

यातून दुसरा विचारही सुरू झाला: रसायन खरंच किती वेळा लागतं? पर्याय जुने आहेत. अमेरिकेतल्या पोर्टर यांनी १८९१ मध्ये माशांसाठी एकेरी वाटेचं साधन काढलं. त्यावरून निघालेल्या फळ्या आजही मिळतात. सुपरच्या खाली अशी फळी सरकवली की माशा रात्री खाली पिलाव्याकडे उतरतात आणि त्यांना वर परतण्याची वाट सापडत नाही. एक-दोन दिवसांत सुपर रिकामा. रसायन शून्य, माशा शांत. अडचण एवढीच की एका ठिकाणी दोन फेऱ्या माराव्या लागतात आणि भरलेले सुपर एकदा उचलून ठेवावे लागतात. शिवाय सुपरमध्ये पिलावा असेल तर माशा तो सोडून उतरत नाहीत. ब्लोअर म्हणजे जोराच्या हवेने माशा उडवणं. त्यात आवाज आणि धूळ आहे, पण हवा कशीही असली तरी चालतं. सप्टेंबरमध्ये थंडीमुळे फ्यूम बोर्ड काम करेनासे होतात, तेव्हा आम्ही फळ्या वापरत होतोच. मग ठरलं, की शेडजवळच्या सगळ्या ठिकाणी हंगामभर फळ्या आणि लांबच्या ठिकाणी, कडक उन्हात, तेवढीच झाकणं. फेऱ्या वाढल्या, डिझेलचा खर्च वाढला. रसायनाच्या बाटल्या बऱ्याच कमी झाल्या. डोकेदुखीच्या तक्रारीही कमी झाल्या.

आता मी साताऱ्याला परत आलो आहे आणि मधपाळांबरोबर काम करतो. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून मान मिळाल्यापासून आसपासच्या गावांत पेट्यांकडे वळणारी तरुण पोरं वाढली आहेत. त्यांच्या हातात मोबाईल आहे आणि त्यावर परदेशातल्या मधाच्या शेतांचे व्हिडिओ. तिकडे काळं झाकण ठेवलं की माशा तीन मिनिटांत गायब होताना दिसतात. मग प्रश्न येतो: "दादा, ते औषध इकडं कुठं मिळंल? नसंल तर फिनेल चालंल का? कापूर? डांबरगोळ्या?"

त्यांना मी स्पष्ट सांगतो, की यांतलं काहीही नको. सातेरी माशी मेलिफेरापेक्षा फार हळवी. पेटीत सतत छेडछाड झाली, नको ते वास आले, तर ती सगळी वसाहत घेऊन निघून जाते आणि पेटी रिकामी राहते. दहा-वीस पेट्यांचा मध काढायला एक सकाळ, मऊ ब्रश आणि सरावाचा हिसका पुरतो. फिनेल फरशीसाठी आहे. डांबरगोळ्या मेणकिड्यांसाठी साठवलेल्या पोळ्यांत ठेवल्या तरी त्यांचा अंश मेणात मुरतो आणि पुढच्या हंगामात मधात येतो. ज्याच्याकडे मेलिफेराच्या शेकडो पेट्या आहेत आणि जो मोहरी, सूर्यफूल, बोरीच्या फुलोऱ्यामागे गावोगाव फिरतो, त्याने आधी एकेरी फळी आणि ब्लोअर यांचा खर्च मांडावा. तरीही रसायनाकडे जायचंच असेल, तर माहितीपत्रक मराठीत समजावून सांगणारा माणूस, मोजे, चष्मा आणि पाणी यांच्याशिवाय बाटलीचं बूच उघडू नये.

आणखी एक गोष्ट इथे बोलायला हवी, कारण ती याच साखळीतली आहे. शहरांत पाण्याच्या टाकीखाली, गच्चीच्या कडेला आग्या माशांचं पोळं बसलं की सोसायट्या कीटकनाशक मारणाऱ्यांना बोलावतात. माशांचा खच पडतो आणि पोळं खाली येतं. त्यातला मध कुणीतरी बाटलीत भरून नेतो. तो मध खाण्याच्या लायकीचा राहिलेला नसतो, आणि नाकाला रुमाल बांधून वर चढलेल्या त्या पोराच्या फुप्फुसात काय गेलं याची नोंद कुणी ठेवत नाही. पोळं सुरक्षितपणे हलवणारी, माशा न मारता मध काढणारी प्रशिक्षित माणसं महाराष्ट्रात आहेत. पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेने असं शिक्षण दिलेलं आहे. त्यांना बोलावण्यासाठी थोडी वाट बघावी लागते, एवढंच.

इतक्या हंगामांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. माशा हुसकावणारी रसायनं वाईट किंवा चांगली ठरवता येत नाहीत, ती वेळ विकत देतात. अल्बर्टातल्या कॅनोलाला ती वेळ खरोखर लागते, आबांच्या जांभळाला ती कधीच लागली नाही. ज्याला लागते त्याने ती जरूर घ्यावी, पण किंमत कोण चुकवतो ते बघून. हंगामाची घाई ज्याच्या फायद्याची, त्याच्याच खिशातून मोजे, चष्मा, पाण्याचा ड्रम आणि जादा फेरीचं डिझेल यायला हवं. हा खर्च मधाच्या भावात धरलेला नसेल, तर तो मध स्वस्त नाही. त्याचा उरलेला भाव कुणीतरी आपल्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी भरतो आहे.